तुमचे देव किती?

पत्र परत आलं तेव्हा मी धान कापत होते. पोस्टमन धुऱ्यावरूनच ओरडला, “सचिवबाई, तुमचा लखोटा वापस आला जी!” विळा कमरेला खोचला, ओढणीला हात पुसले आणि तिथेच बसून फोडला. आत आमचंच पत्र, आमचाच ठराव, आणि वर टाचणीने लावलेला एक कागद: ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने मूळ प्रस्ताव परत करण्यात येत आहे.’

विषय असा होता: आदिवासींच्या हक्कांना जगात जी मान्यता मिळाली आहे ती भारत सरकारने मनापासून स्वीकारावी आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 169 क्रमांकाचा करार मान्य करावा. साठ घरांच्या गावाने हे लिहून तालुक्याच्या एका कार्यालयात दिलं होतं. अखत्यारीत येत नाही हे खरंच, ते आम्हालाही ठाऊक होतं. वर पाठवा, एवढीच विनंती होती.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. गोंड जास्त, मग कंवर आणि हलबा, ढिवरांची सहा घरं, बौद्धांची तीन. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, त्यामुळे ग्रामसभा नावापुरती नाही. तेंदूपत्त्याचा लिलाव, बांबूची तोड, जंगलाची राखण, मजुरीचा हिशेब, सगळं तिच्या रजिस्टरात. मी बी.ए. करून परत आले आणि अक्षर बरं आहे म्हणून मला सचिव केलं. मानधन नाही, पण तालुक्याला गेलं की चहा ग्रामसभेच्या खर्चात बसतो.

सुरुवात झाली 9 ऑगस्टला. जागतिक आदिवासी दिनाची तालुक्याला रॅली असते. पिवळे दुपट्टे, ढोल, आणि अलीकडे डीजे. त्या वर्षी आजी पहिल्यांदाच आली. परतताना काळीपिवळीत पंधरा माणसं कोंबलेली, आजी माझ्या अर्ध्या मांडीवर, आणि तिने विचारलं, “हा दिवस कोनं ठरवला वं? आपल्या गायत्यानं त नाई ठरवला.” गायता म्हणजे आमचा गावपुजारी.

मला सांगता आलं नाही. सहा वर्षं रॅलीला जात होते, घोषणा देत होते, आणि दिवस कुणी ठरवला हे माहीत नव्हतं. आमच्या गावात नेटवर्क फक्त बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर मिळतं. त्या रात्री तिथे बसून वाचलं. 9 ऑगस्ट 1982 ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक झाली, जगभरच्या आदिवासी लोकांच्या प्रश्नांवर. पुढे 1994 मध्ये आमसभेने तोच दिवस जागतिक दिन म्हणून जाहीर केला. वाचता वाचता लक्षात आलं की आमचा गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. मध्ये फक्त सतरा दिवस. सकाळी आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “जिल्हा झाला तवा आमी रोवण्यात होतो. कोनी सांगतलंच नाई.” जिनिव्हाचं तिला काही वाटलं नाही.

मला मात्र चटक लागली. 13 सप्टेंबर 2007 ला संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने 144 देश, विरोधात चार, तटस्थ अकरा. विरोध करणारे चार कोण? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. हे वाचून मी पाळीवर एकटीच हसले. मग वाटलं, भारताने नक्की तटस्थ राहून वेळ मारून नेली असेल. तर नाही, भारताने बाजूने मत दिलं होतं. क्षणभर छाती फुगली.

पुढचं वाचल्यावर ती उतरली. मत देताना भारताने आपलं म्हणणंही मांडलं होतं: स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखाली असलेल्या लोकांसाठी आहे, स्वतंत्र देशातल्या एखाद्या समाजगटासाठी नाही. आणि आपल्या सरकारची कितीतरी वर्षांची भूमिका अशी आहे की स्वातंत्र्यानंतर भारतातले सगळेच लोक इथले मूळ रहिवासी. म्हणजे जाहीरनाम्याला हो, पण तो लागू कुणाला होतो असं विचारलं तर वेगळं असं कुणालाच नाही.

इथे मला माझी जात पडताळणी आठवली.

बारावीला असताना अर्ज केला होता. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर दाखल-खारीज रजिस्टरात नाव कुठून येणार? बाबांनी तहसिलीत तीन हेलपाटे घातले तेव्हा कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. त्यात पणजोबाच्या नावापुढे मुलगा झाल्याची नोंद आणि जातीच्या रकान्यात ‘गोंड’. ती नक्कल घरी आली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावलं, आणि कागदावर पिवळा डाग पडला म्हणून बाबांनी आईला बोल लावले.

एवढ्यावर संपलं नाही. गृहचौकशीला दोघेजण आले. खाटेवर बसले, पाणी घेतलं, आणि बाबांना प्रश्न विचारायला लागले. कुळ कोणतं? देव किती? सोयरीक कोणत्या देवांत चालते? मेलेल्या माणसाचं काय करता? बाबा शाळेतल्या पोरासारखे उभे राहून उत्तरं देत होते. “आमी सहा देवे. सहादेव्यात सोयरीक नाई करत, भाऊबंद होतेत.” आमच्यात देव किती हे विचारतात ते सोयरीक जुळवताना. आतल्या खोलीतून आजीने तेवढंच ऐकलं आणि तिला वाटलं माझं लग्नच ठरून रायलं. चहात साखर जास्त पडली ती त्यामुळे.

बोगस दाखले काढून आमच्या जागा खाणारे आहेत, त्यामुळे चौकशी लागते हे मला पटतं. ते दोघेही वाईट बोलले नाहीत. पण बोडीच्या पाळीवर त्या रात्री मनात आलं ते असं: घरी येऊन हे सरकार आमचे देव मोजतं, मोजून झाल्यावर शिक्का मारतं की होय, ही वेगळी माणसं आहेत. आणि तेच सरकार परदेशात सांगतं की आमच्याकडे वेगळं असं कुणी नाही. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगते. अमेरिकेत गोरे जहाजातून उतरले ती तारीख सांगता येते. आपल्याकडे कोण आधी, कोण नंतर, याचा हिशेब हजारो वर्षांचा आणि गुंतलेला. आमच्याच गावात कंवर म्हणतात ते छत्तीसगडकडून आले. उद्या कुणी ‘तुम्हीही बाहेरचे’ म्हणालं तर? पण 169 क्रमांकाचा करार नीट वाचला तर त्याच्या नावातच ‘आदिम आणि जमातीचे लोक’ असे दोन्ही शब्द आहेत. ज्यांचं सामाजिक, सांस्कृतिक जगणं वेगळं आहे, ज्यांच्या स्वतःच्या चालीरीती आहेत, त्या जमातींनाही तो लागू होतो. आधी कोण आलं हे भांडण सोडवायची गरजच पडत नाही. आणि देश फुटण्याची भीती असेल तर जाहीरनाम्याच्या शेवटच्या, 46 व्या कलमात स्पष्ट आहे की याच्या आधाराने कुणाही देशाची अखंडता मोडता येणार नाही. हे वाचायला मला चार रात्री आणि शब्दकोश लागला. मराठीत मला काही सापडलं नाही.

सर्वात मोठा धक्का वेगळाच होता. 169 च्या आधी 107 क्रमांकाचा करार होता, 1957 चा. तो भारताने 1958 मध्येच मान्य केलेला आहे! त्याचा सूर जुना आहे, आदिवासींना हळूहळू मुख्य समाजात मिसळून टाका असा, आणि तो सूर चुकीचा होता म्हणून तर 1989 मध्ये 169 आला. पण त्या जुन्या कराराच्या 11 व्या कलमात लिहिलंय की हे लोक परंपरेने ज्या जमिनी वापरत आले, त्यांवरची त्यांची मालकी, एकेकट्याची किंवा सामूहिक, मान्य केली पाहिजे. सामूहिक! आपल्याकडे वनहक्क कायदा आला 2006 मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षं ते कलम कोणत्या कपाटात होतं?

ऑगस्टच्या शेवटी ग्रामसभेत विषय मांडायचं ठरवलं. वनहक्काच्या नियमात दावे मंजूर करताना निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. तीच शिस्त आम्ही सगळ्याच ठरावांना लावून घेतली आहे. पहिली सभा कोरम नसल्याने मोडली. रोवण्याचा उशीर झाला होता, कोण येणार? अकरा जण आले, त्यातले तीन पावसापासून आडोसा म्हणून.

दुसऱ्या सभेला समाजमंदिर भरलं. मी दहा मिनिटं बोलले आणि माझं मलाच कळलं की फार कोरडं होतंय. मागून एक पोरगा उठला, पुण्यात कंपनीत राहून आलेला. “ताई, जिनिव्हा-गिनिव्हा सोडा. इथं फोन लागत नाई. ठराव करायचाच त टावरचा करा.” सगळे हसले. तो चुकीचं बोलत नव्हता. एका बाईने विचारलं, आपल्याला पट्टा मिळाला आहे, आता काहून पाहिजे अजून एक कागद?

उत्तर अध्यक्षकाकांनी दिलं. साठीचा माणूस, चौथी शिकलेला. त्यांनी मेंढ्याची गोष्ट काढली. मेंढा-लेखा आमच्याच जिल्ह्यात, धानोऱ्याजवळ. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला. तरी स्वतःचा बांबू विकून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना पाहिजे, आणि तोच मिळेना. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा कुठे गाडी हलली. “हक्क हातात असून दोन साल लागले बापा,” काका म्हणाले, “आन तेई मंत्री आला तवा. आपल्या गावात कोन मंत्री येते?”

मी 2019 ची आठवण करून दिली. त्या वर्षी 13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढा. 28 तारखेला त्याला स्थगिती मिळाली, पण त्या पंधरा दिवसांत आमच्या गावातल्या चार घरांनी जेवण धड केलं नव्हतं. त्यांचे दावे फेटाळलेले होते, का ते कुणी लेखी सांगितलं नव्हतं. देशातला कायदा उद्या बदलू शकतो, त्याचा अर्थ बदलू शकतो. करार मान्य केला असेल तर सरकारला ठरावीक मुदतीने बाहेर अहवाल द्यावा लागतो, आणि देशातल्या कामगार संघटना त्यावर आपलं म्हणणं पाठवू शकतात. काकांनी ते एका वाक्यात आणलं: “एक खुटा हाये, दुसरा ठोकून ठेवू.”

टॉवरवाला पोरगा अजून खुश नव्हता. म्हणाला, तुमचा तो करार मान्य झाला म्हणून कुणी ऐकणार आहे का? तेव्हा नियमगिरीचं सांगितलं. ओडिशात डोंगरिया कोंधांच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ‘नाही’ म्हणाल्या. “बाराच्या बारा?” त्याने विचारलं. बाराच्या बारा. मग तो खाली बसला. आधी विचारा, खरं काय ते सांगा, आणि दबाव न टाकता संमती घ्या, हीच गोष्ट जाहीरनाम्याच्या 19 व्या कलमात आहे. तिथे न्यायालयाने विचारायला लावलं म्हणून झालं. दर वेळी न्यायालयापर्यंत कोण जाणार?

ठराव करायचा हे ठरलं, आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली. ‘इंडिजिनस’ला मराठीत काय लिहायचं?

निवृत्त गुरुजी म्हणाले, मूलनिवासी. लगेच बौद्धांच्या घरातले दादा म्हणाले, “गुरुजी, तो शब्द आमच्या चळवळीत केव्हापासून आहे. मूलनिवासी म्हटलं तर आम्ही पण त्यात आलो.” गुरुजी म्हणाले, या की. ढिवर मावशी म्हणाली, “मंग आमचं काय? आमी या बोडीत चार पिढ्या जाळं टाकून रायलो. वनहक्कात आमाले पंच्याहत्तर वर्षाचा पुरावा मागतला, तुमाले नाई मागतला.” ते बरोबर होतं. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, दाखवावी लागतात. त्यावर अर्धा तास गेला, आवाज चढले, दोन बाया उठून गेल्या आणि परत आल्या.

शेवटी गायताबाबा बोलले. ते सभेत क्वचित बोलतात, आणि बोलतात ते गोंडीत. मी मराठीत सांगते: आपण आपल्याला काय म्हणतो? कोयतोर. तर कोयतोर लिहा. मी म्हटलं, दिल्लीला समजणार नाही. “समजत नाई त इचारन,” हे मात्र त्यांनी मुद्दाम मराठीत म्हटलं.

घटना समितीतही हे भांडण झालं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. आदिवासी नेते जयपालसिंह मुंडांना ‘आदिवासी’ हा शब्द हवा होता, ‘बनजाती’ला त्यांचा विरोध होता. डिसेंबर 1946 मध्ये त्यांनी तिथे सांगितलं होतं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. आमची ती सभा पाहिली असती तर त्यांनी वाक्य थोडं मवाळ केलं असतं.

आम्ही लिहिलं ते असं: ‘आम्ही कोयतोर, ज्यांना लोक आदिवासी आणि सरकार अनुसूचित जमाती म्हणते, आणि आमच्यासोबत याच जंगलावर जगणारे आमचे गावकरी.’ मावशीने दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली. मागण्या तीनच ठेवल्या. 169 चा करार मान्य करा. तोवर 1958 मध्ये मान्य केलेल्या कराराचं 11 वं कलम पाळा आणि कसं पाळता ते सांगा. आणि जाहीरनामा मराठीत आणि गोंडीत छापून प्रत्येक ग्रामसभेला द्या. तिसरी मागणी माझी होती, चार रात्रींचा सूड म्हणा.

एक गोष्ट आजीमुळे आली. 169 मध्ये पहिल्याच कलमात आहे की आपण कोण आहोत याबद्दल त्या लोकांची स्वतःची जाणीव हा मूलभूत निकष मानावा. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणाली, “मंग त्याहीले आपले गोटे दाखव.” गावाच्या पूर्वेला, मोहाच्या झाडांखाली, आमच्या मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड आहेत. किती पिढ्यांचे ते कुणी मोजलेलं नाही. सामूहिक वनहक्काचा दावा केला तेव्हा हेच दगड आम्ही पुरावा म्हणून नकाशात दाखवले होते, कारण नियमात दफनभूमी आणि देवस्थानं पुरावा म्हणून धरतात. आजीच्या सासूचा दगड त्यात आहे. ठरावात एक ओळ वाढली: आमचा पुरावा जमिनीत उभा आहे.

सह्या आणि अंगठे घ्यायला बसलो तर शाईचा पॅड वाळून खडखडीत. शेवटी दिव्याची काजळी तेलात कालवली. त्या कागदावरचे अंगठे अजून बोटाला लागतात.

पत्र कुणाला लिहायचं यावर गुरुजींनी मदत केली. करार करणं केंद्राचं काम. पण आमचं क्षेत्र पाचव्या अनुसूचीत येतं, आणि अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. म्हणून एक प्रत राष्ट्रपतींना, एक राज्यपालांना. राज्यघटनेच्या 51 व्या कलमात आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आणि करारांबद्दल आदर वाढवण्याचं राज्याला सांगितलंय, तेही गुरुजींनी घालायला लावलं. आणि रीत म्हणून तालुक्यामार्फत पाठवायचं ठरलं. ती रीत आम्हाला नडली. आवक खिडकीवरच्या बाबूने ठराव उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “घरकुलाचं काही आहे का? रोजगार हमी? नाही? मग हे इथं कशाला आणलं?” शिक्का मात्र मारला. सव्वा महिन्याने, कापणीत, तो लखोटा आला.

संध्याकाळी समाजमंदिरात वाचून दाखवला. मला वाटलं लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. मी त्यांना देस्काहेची गोष्ट सांगितली. 1923 मध्ये कॅनडातल्या होडेनोशोनी या आदिवासी लोकांचा हा प्रमुख जिनिव्हाला गेला होता, संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघापुढे आपल्या लोकांचं म्हणणं मांडायला. वर्षभराहून जास्त तिथे राहिला. राष्ट्रसंघाने त्याला बोलूच दिलं नाही. 1925 मध्ये तो वारला. त्याच गावात 1982 ची ती बैठक झाली. आणि ज्या कॅनडाने 2007 मध्ये विरोधात मत दिलं, त्याने 2010 मध्ये जाहीरनाम्याला पाठिंबा दिला आणि 2021 मध्ये तो अमलात आणायला कायदा केला. विरोध करणारे चारही देश 2010 संपेपर्यंत फिरले. तिकडे नेपाळने जाहीरनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी, 14 सप्टेंबर 2007 ला, 169 मान्य केला. करार मान्य करणाऱ्या 24 देशांत आशियातला तो एकटाच. “नेपाळ?” काका म्हणाले. त्यांचा मुलगा नागपुरात ज्या बिल्डिंगमध्ये चौकीदार आहे, तिथला दुसरा चौकीदार नेपाळी आहे. त्यांनी त्याच रात्री मुलाला फोन लावला, तुझ्या जोडीदाराला विचार म्हणून. बिचाऱ्या चौकीदाराला काही माहीत नव्हतं.

मग सरळ स्पीड पोस्टाने पाठवलं. ते पोहोचलं की नाही हे टॉवरवाला पोरगा दर संध्याकाळी पाळीवर जाऊन पाहायचा. नवव्या दिवशी धावत आला, “डिलिव्हर्ड दाखवून रायलं!” गावात कुणाला मुलगा झाल्यासारखा चहा झाला.

पुढचं थोडक्यात. तीन महिने उत्तर नाही, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मी सवयीने त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. राज्याच्या कार्यालयात ते चालतं, केंद्राला चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन. अर्ज परत. चूक माझीच. पोस्टल ऑर्डर काढायला तालुक्याच्या पोस्टात दोनदा जावं लागलं, कारण पहिल्यांदा ती संपली होती. दुसऱ्या अर्जाला एका कार्यालयाचं उत्तर आलं: आपला अर्ज कलम 6(3) नुसार दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग करण्यात आला आहे. त्यानंतर काही नाही.

आजूबाजूच्या गावांना मात्र याची कुणकुण लागली. बाजाराच्या दिवशी दोन गावचे लोक मसुदा मागायला आले. पोराने तो मोबाइलवर टाइप करून ठेवला आहे, गावाचं नाव तेवढं बदलायचं. त्याने चोरून चौथी मागणी घातली होती, टॉवरची. मी खोडली. एका गावाने ती परत घातली, ते त्यांचं ते.

आजी दर बाजाराला विचारते, “आला का वं जबाब जिनिव्हाचा?” पत्र दिल्लीला गेलंय, जिनिव्हाला नाही, हे मी तिला सांगून थकले. तिच्या मते दिल्ली वाटेतच लागते.

येत्या सभेची विषयपत्रिका काल लिहिली. तेंदूचे युनिट, राखणीच्या पाळ्या, फेटाळलेल्या चार दाव्यांचं अपील, मोहफुलाचा भाव, पाचवा विषय बोडीची फुटलेली पाळ. सहावा म्हणून ‘169 चे पत्र, पहिले अपील’ लिहिलं. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, पाळ आधी घे, पाणी चाललं सगळं.